पाण्याच्या मापाचा जाळ

भट्टीच्या गप्पा निघाल्या की माणसं जाळावर तुटून पडतात. लाकडाचा जाळ तोच खरा, गॅस म्हणजे हॉटेलचं काम, विजेची कॉइल घातली की फेणीत राम उरत नाही. आयुष्यात चहापलीकडे काही न उकळलेली माणसंसुद्धा या वादात हिरिरीने उतरतात. माझी तर सगळी नोकरी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसात गेली. त्यामुळे आग, वाफ, नळी, धूर असं काहीही निघालं की घरातले सगळे माझ्याकडे बघतात. आजोळ माझं गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाट उतरलं की. तिथे मामाची काजूची भट्टी आहे, अबकारी खात्याच्या रीतसर परवान्याची. मामाच्या धाकट्याने लाकूड बंद करून गॅस लावायचं काढलं तेव्हा मामाने फोन करून मला बोलावून घेतलं. ‘तू बॉयलरवाला ना? ये आणि सांग त्याला.’ मी काय सांगणार हे मामाने गृहीतच धरलं होतं.

काजूची भट्टी म्हणजे काही कारखाना नव्हे. ओहोळाच्या काठाला चार खांबांवर टाकलेले पत्रे, खाली मातीची चूल, चुलीवर तांब्याचं भाण. भाणाच्या गळ्यातून एक नळी तिरकी निघते आणि पलीकडच्या लवणीत शिरते. लवणी म्हणजे मोठ्या पोटाचं मातीचं मडकं. वाफ तिथे गार होऊन साठते, आणि ती गार व्हावी म्हणून लवणीवर वरून पाणी ओतत राहायचं. भाणाचं तोंड बंद करून त्यावर कापडाच्या पट्ट्या गुंडाळतात आणि वर वारुळाची माती लिंपतात. मामाचं हे लिंपण बघत बसावं असं असतं. माती तो आधी दोन बोटांत चुरडून खडे काढतो, कणकेपेक्षा थोडी सैल मळतो आणि अंगठ्याने सांध्यावर दाबत दाबत पुढे सरकतो. जाळ लागला की ती वाळते, बारीक भेग पडते. मामाचं नाक ती भेग डोळ्यांच्या आधी पकडतं. लगेच ओला हात फिरतो.

रसाचं थोडक्यात सांगतो. पिकून गळालेली बोंडं तुडवायची, दाबायची, निघालेला रस दोन-तीन दिवस आपोआप आंबू द्यायचा. यीस्ट वगैरे कोणी घालत नाही. पहिल्यांदा चढवल्यावर निघतो तो हुर्राक, साधारण 15 टक्के मद्यार्काचा, लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून त्याच उन्हाळ्यात संपणारा. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भाणावर चढवला की फेणी. 2009 साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात तिचा मद्यार्क 42.8 टक्के असा नोंदला आहे. 2016 साली गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. वारसा म्हटला की त्यात लाकडाचा धूर आपसूक येतो. पणजीहून गाडी काढून येणारे शौकीन गाडीतून उतरतानाच विचारतात, ‘लाकडावरची ना?’

या प्रश्नाची मला गंमत वाटते. धूर फेणीत जातच नाही. भाण मातीने बंद केलेलं असतं. आतला थेंब बाहेर जाऊ नये म्हणून जी लिंपणी केली, तिच्यातून बाहेरचा धूर आत कसा येणार? धूर जातो तो मामाच्या डोळ्यांत. मार्च ते मे, रोज आठ-दहा तास. शौकिनांना हवी असलेली जुनी चव मामाच्या खोकल्यातून येते असं मी एकाला म्हणालो, तर ते गृहस्थ जरा दुखावले. मामेभावाचं म्हणणं नेमकं हेच होतं. बापाचे डोळे गेले तरी चालतील, पण लाकूड पाहिजे, हा कुठला न्याय? शिवाय लाकूड आणायचं कुठून? काजूच्या बागेतल्या वाळक्या फांद्या किती दिवस पुरणार? वरचं रान 1999 पासून म्हादई अभयारण्यात आहे. 2023च्या मार्चमध्ये त्याच डोंगरांना वणवे लागले, हेलिकॉप्टरने पाणी टाकायची पाळी आली. तेव्हापासून पत्र्यावरून जरा जास्त धूर दिसला की वाडीतली माणसं चौकशीला येतात. काजूच्या बियांची टरफलं जाळावीत तर त्यांच्या तेलाने जाळ भडकतो आणि धूर असा निघतो की मिरचीची धुरी परवडली. ती वाट कोणी सुचवलीसुद्धा नाही.

मी सवयीप्रमाणे कागद-पेन घेऊन बसलो. विजेच्या बिलातलं युनिट सगळ्यांना कळतं, म्हणून उष्णता त्याच मापात मोजली. भाणात 100 लिटर आंबलेला रस आहे, तो 30 अंशांवरून उकळीला न्यायचा, तर साडेसात युनिटं. पुढे त्यातून 35 लिटर हुर्राक काढायचा, तर त्याची वाफ करायला आणखी 20 युनिटं. उकळी आणणं हे काम लहान; उकळीनंतर जे चालतं ते मोठं. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते 1760च्या दशकात ग्लासगोत शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅक यांनी. उकळतं पाणी जाळ खातच राहतं आणि तरी एका अंशानेही जास्त तापत नाही. सगळी उष्णता वाफेच्या पोटात दडून बसते. या दडलेल्या उष्णतेवर माझा पगार निघाला, त्यामुळे ब्लॅकसाहेबांबद्दल मला घरच्या माणसासारखी आपुलकी आहे.

आता साडेसत्तावीस युनिटांसाठी जळण किती? गॅसच्या शेगडीची निम्मी उष्णता वाया गेली असं धरलं तर चार-साडेचार किलो गॅस. लाकूड? उघड्या चुलीत सहा-सात हिश्श्यांतला एखादाच हिस्सा भाणाला लागतो, बाकीचा मामाला, पत्र्यांना आणि आभाळाला. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो लाकूड, तेही चांगलं वाळलेलं. मामेभाऊ कागद बघून खूश झाला. मामा म्हणाला, ‘कागदावर फेणी गळत नाही रे.’

मामाच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण वेगळ्या जागी. बॉयलरवर माणूस एक गोष्ट पहिल्या हंगामातच शिकतो: जाळ लावणं कोणालाही जमतं, लावलेला जाळ परत घेणं अवघड. ओल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, भट्टी एकदा पेटली की तिकडे उसाचा रस आटवणारा पॅनवाला वाफ नको म्हणाला तरी इकडे पाच-दहा मिनिटं वाफ येतच राहते. काजूच्या भट्टीत ही वेळ उकळी फुटण्याच्या क्षणाला येते. मामा तेव्हा नळीवर तळवा ठेवून बसलेला असतो. नळी भाणाकडून तापत येते; कोमट, गरम, आणि मग एकाएकी हात टिकत नाही. त्या घटकेला चुलीतली दोन मोठी लाकडं ओढून बाहेर काढायची, निखारे मागे सारायचे, जमलंच तर राखेची मूठ टाकायची. ‘उजो बारीक कर’, म्हणजे जाळ कमी कर, हा त्याचा तिथला एकमेव हुकूम. उशीर झाला की रस फेसाळून वर येतो, नळीत शिरतो आणि लवणीत गढूळ, पिवळट पाणी उतरतं. भाण ओकलं, असं म्हणतात. पुन्हा सगळं खोलून धुवायचं.

गॅसचा खरा गुण इथे दिसतो. तो स्वस्त आहे की महाग, हा मुद्दा नंतरचा, तो ऐकतो. कळ फिरवली की त्याच क्षणी कमी. तांब्याच्या भाणाला तो मानवतोही, कारण तांबं उष्णता स्टीलच्या वीस-पंचवीसपट सहज वाहून नेतं. ज्वाला एका ठिकाणी लागली तरी ताप बुडभर पसरतो. स्टीलच्या भांड्याला तोच बर्नर लावला तर ज्वालेच्या गोलाएवढा रसाचा गाळ करपलाच समजा. पण गॅसचीही एक खोड आहे, ती मामेभावाला तिथेच दाखवली. त्याने केटरिंगवाल्याकडून मोठा बर्नर आणि 19 किलोचं सिलिंडर आणलं होतं. अर्ध्या तासात सिलिंडर घामाने थबथबलं, आणि बुडाकडच्या भागाला हात लावला तर एप्रिलच्या दुपारी फ्रिजमधल्या बाटलीसारखं गार. आतला गॅस द्रव असतो. त्याची वाफ व्हायलाही तीच ब्लॅकसाहेबांची दडलेली उष्णता लागते, आणि ती तो सिलिंडरच्या पत्र्याकडून घेतो. पत्रा गारठला की वाफ कमी, ज्वाला मंद. म्हणजे चुलीवरचं भाण तापवायला शेजारी दुसरं एक भाण न तापवता उकळत ठेवलेलं. मामेभाऊ म्हणाला दोन सिलिंडरं जोडू. बरोबर होतं.

वीज मी मनातून आधीच खोडली होती. मामाकडे सिंगल फेज. 3 किलोवॅटची कॉइल घातली तर उकळीलाच अडीच तास आणि पुढे सात. वळवाच्या पावसाआधी वाऱ्याची झुळूक आली तरी तिथली वीज जाते. शिवाय कॉइल रसातच बुडलेली असते. काजूच्या रसात चोथ्याचे तंतू असतातच, कितीही गाळा. ते तापलेल्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. पातळी खाली गेली आणि कॉइल उघडी पडली तर ती जळतेच, शिवाय भोवती मद्यार्काची वाफ. माझा एक जुना मित्र ऑकलंडला असतो. न्यूझीलंडमध्ये 1996 पासून घरच्यापुरती दारू घरी गाळायला कायद्याने मुभा आहे, आणि याने गॅरेजमध्ये 25 लिटरचं विजेचं भांडं मांडलंय. त्याला ती वीज शोभते. आत साखरेचं पाणी आंबवलेलं, तंतू नाही की गाळ नाही. भांडं लहान, वीज कधी जात नाही. त्याने तिथून मामाला व्हॉट्सअॅपवर वीजच घ्या म्हणून सल्ला पाठवला. आपापल्या गॅरेजातून जग असं सोपं दिसतं. महाराष्ट्रात हेच करायचं मनात आणलं तर 1949चा दारूबंदी कायदा आड येतो, म्हणून मी ऑकलंडच्या फोटोंवर समाधान मानतो.

इंडक्शनची हौस मामेभावाने घरच्या घरी भागवून घेतली. शेगडीवर तांब्याचा तांब्या ठेवला, शेगडी चिवचिवली आणि बंद पडली. घरगुती इंडक्शनला चुंबक धरणारं बूड लागतं. तांबं तिच्या खिजगणतीत नसतं. राहिली वाफ, माझं माहेर. लांब एक छोटा बॉयलर, त्याची वाफ नळीतून भाणाच्या दुहेरी बुडात. करपणं नाही, ज्वाला नाही, पाहिजे तेवढं सोडा, पाहिजे तेव्हा बंद करा. इतका सभ्य जाळ दुसरा नाही. पण बॉयलर आला की बॉयलर निरीक्षक आला, नोंदणी आली, चाचणी आली, प्रमाणपत्रवाला माणूस आला. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामासाठी हे लचांड मी शत्रूच्याही गळ्यात बांधणार नाही. वाफेची शिफारस मी केली नाही, आणि बॉयलरवाल्याने वाफ नको म्हणावी याचं मामाला फार समाधान वाटलं.

चवीचा मुद्दा मात्र मी उडवून लावत नाही. धूर आत जात नसला तरी ज्वाला बुडाला भिडली की बुडाशी काहीतरी घडतं: गाळ थोडा भाजतो, रसातली उरलेली साखर किंचित तपकिरी होते, त्याचा वास वाफेबरोबर वर जातो. स्कॉटलंडच्या ग्लेनफारक्लास या व्हिस्कीच्या डिस्टिलरीने 1981 साली एका भाणाला वाफेची कॉइल लावून बघितली. माल वेगळा लागला, आणि त्यांनी काही आठवड्यांतच पुन्हा थेट ज्वाला लावली. जपानात होक्काइडोच्या योइचीत निक्का व्हिस्कीची मंडळी अजून कोळसा फावड्याने घालतात. फ्रान्समध्ये कोन्याक ब्रँडीला तर ज्वाला थेट भांड्याला लागली पाहिजे असा नियमच आहे; पण ज्वाला कसली हवी याचा हट्ट नाही, पूर्वी लाकूड, मग कोळसा, आता बहुतेक सगळीकडे गॅस, आणि त्यामुळे कोन्याकचं नाव बुडालेलं ऐकिवात नाही. मामाला हे सांगितलं तेव्हा तो थोडा नरमला. फ्रान्सवाले गॅस लावतात म्हटल्यावर पोर्तुगिजांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला बरं वाटतं.

मग गॅस लावून बघितला. सकाळी भाण भरलं, लिंपलं, दुहेरी सिलिंडर जोडलं. लाकडावर दीड तासाने येणारी उकळी पाऊण तासात आली. नळी तापली, मामेभावाने कळ फिरवली, भाण ओकलं नाही. सगळं माझ्या कागदाबरहुकूम. पहिला पाऊण तास धार चांगली चालली. मग लवणीच्या तोंडाशी पांढरं काहीतरी हलताना दिसलं. वाफ. लवणी तापली होती. मामी कळशीमागून कळशी ओतत होती, ओतलेलं पाणी मडक्यावरून खाली येईतो ऊन होत होतं, आणि आतली वाफ गार व्हायचं सोडून फटीतून बाहेर पडत होती. ओहोळ तिथून पंधरा-वीस पावलं. मामी खाली उतरायची, भरायची, वर यायची. मामा, मामेभाऊ आणि मी, तिघे पुरुष, ज्वालेचा रंग निळा आहे की पिवळा यावर बोलत उभे होतो. तिने कळशी दाणकन खाली ठेवली.

‘जाळ कसलाही लावा तुम्ही. पाणी कोण घालणार ते आधी सांगा.’

कळ बंद करावीच लागली. नुसत्या पाण्यासाठी नव्हे. मद्यार्काची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत येते. आणि फेणीच्या जोराचं पाणी तर 25-26 अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतं, सत्तरीतला एप्रिल त्याच्या कितीतरी वर असतो. जुन्या भट्टीवाल्यांनी चुलीपासून लवणी लांब आणि मध्ये मातीचा बांध ठेवला, तो उगाच नाही. तो बांध बर्नरच्या टेबलासाठी मामेभावाने पाडला होता. पहिल्यांदा तो परत घालून घेतला.

मग पुन्हा कागद काढला, आणि आता खालची बाजू मांडली. जाळाने जी 20 युनिटं वाफेत भरली, तेवढी सगळी वाफेतून काढून घेतल्याशिवाय थेंब पडत नाही. घातलं तेवढं काढायचं. यात सवलत नाही, वजावट नाही. पाणी 20 अंशांनी तापू द्यायचं ठरवलं तर 35 लिटर हुर्राकामागे जवळजवळ नऊशे लिटर पाणी लागतं. हवेत आणि ओल्या मडक्यावरून उडून जाते ती उष्णता सोडा, तरी पंधरा लिटरच्या कळशीने साठेक कळशा. लाकडावर हेच पाणी दिवसभरात लागायचं, म्हणून मामी निभावून नेत होती, आणि कोणाला ते दिसतही नव्हतं. गॅसने तोच दिवस तीन-चार तासांत आणून ठेवला. म्हणजे जाळ दुप्पट-तिप्पट झाला आणि मामीचे हात दोनच राहिले.

हे मला आधी कळायला हवं होतं, असं माझे कारखान्यातले सहकारी म्हणतील. कारखान्यात पाहुणे आले की त्यांना बॉयलर दाखवतात. काच लावून भट्टी दाखवली की लोक ‘अरे बापरे’ म्हणतात. स्प्रे पाँड कोणी दाखवत नाही. कंपाउंडच्या कडेला शेवाळलेलं तळं, त्यात कारंजी उडताहेत. पाहुण्यांना वाटतं बाग आहे. पण पॅनमधला रस कमी तापमानाला उकळायचा असेल तर वरच्या कंडेन्सरला त्या तळ्याचं गार पाणी मिळालं पाहिजे. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबला, तळ्याचं पाणी ऊन झालं, की व्हॅक्यूम पडतो, पॅन रेंगाळतो, आणि शिव्या मात्र बॉयलर हाउसला बसतात, वाफ कमी देता म्हणून. आमची वाफ तेवढीच असायची.

स्कॉटलंडमधल्या डिस्टिलऱ्या पूर्वी उन्हाळ्यात बंद ठेवत. ओढे आटलेले, आहे ते पाणी कोमट, माणसं शेतावर. थंडीच्या दिवसांत ओढ्याचं बर्फगार पाणी लाकडी टाकीतल्या तांब्याच्या वेटोळ्यावरून सोडायचं आणि खुशाल जाळ वाढवायचा, अशी ती सोय. काजूच्या नशिबात ही सोय नाही. बोंडू पिकतो तोच मार्च-एप्रिल-मेमध्ये, ओहोळ अंगठ्याएवढा उरतो तेव्हा. तोडून ठेवता येत नाही, पावसाची वाट बघता येत नाही. पाऊस आला की बोंडू संपला. सगळ्यात जास्त वाफ गार करायची ती सगळ्यात कमी पाण्यावर. लाकडाचा रेंगाळणारा, मंद, चिडका जाळ या अडचणीत अगदी चपखल बसत होता. जुन्या लोकांनी लाकूड आवडीने निवडलं असं मला वाटत नाही, दुसरं काही नव्हतंच; पण त्या जाळाला जेवढं पाणी पुरेल तेवढीच लवणी, आणि लवणीला पुरेल तेवढाच ओहोळ, अशी भट्टी शेकडो वर्षांत बेतत गेली. त्यातला एकच तुकडा काढून नवा बसवला की बाकीचे कुरकुरणारच.

निवृत्तीनंतर कनौजला गेलो होतो, तिथल्या अत्तराच्या भट्ट्या आता नव्याने डोळ्यांपुढे आल्या. तांब्याचा डेग, दोरी गुंडाळलेली बांबूची नळी, आणि पलीकडे पाण्याच्या हौदात बुडवलेला लांब मानेचा भपका, त्यात चंदनाचं तेल. चुलीत लाकूड आणि गोवऱ्या. मी तेव्हा बॉयलरवाल्याच्या खाक्याप्रमाणे चुलीपाशी वाकून बसलो होतो. कारागीर मात्र चुलीकडे पाठ करून हौदाशी. दर थोड्या वेळाने तो हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा, भपक्याचं पोट चाचपायचा आणि मग मान न वळवता चुलीवरच्या पोराला सांगायचा, एक लाकूड काढ. भपका बदलायचा असला की डेगावर ओलं फडकं फिरवून उकळी बसवायची. जाळाचा मालक हौदाशी बसलेला होता.

मामाकडे शेवटी जे ठरलं ते मामालाही पूर्ण पटलं नाही आणि मामेभावालाही नाही, म्हणून ते बरं असावं. लवणी बाजूला. तिच्या जागी सिमेंटची टाकी, आत तांब्याच्या नळीचं वेटोळं. ओहोळावर वरच्या अंगाला छोटा बांध घालून काळ्या पाइपने उतारावरून पाणी टाकीच्या तळाशी सोडायचं, आणि वरच्या तोंडाने ऊन झालेलं पाणी पाटाने कुळागरात, सुपारीला. वाटेत गार होतं. पाणी तळातून आत आणि माथ्यावरून बाहेर, हे मला दोघांशी भांडून करून घ्यावं लागलं. ऊन पाणी वर येतं. वरून गार पाणी सोडलं की ते वरच्या वरच निघून जातं आणि खालचं वेटोळं कोमट पाण्यात बसून राहतं.

जाळ दोन ठेवले. हुर्राक लाकडावरच, पण चुलीला जाळी, पुढे झडप आणि मागे पत्र्यावरून डोकं काढणारं धुराडं. लाकूड बरंच कमी लागतं आणि धूर मामाला ओलांडून जातो. हुर्राकाला एवढं लाडात वाढवायची गरज नाही, तो पुन्हा भाणात जायचाच आहे किंवा आठ दिवसांत कोणाच्या तरी पोटात. फेणी गॅसवर. तिथे धार शेवटाला येताना जोर कसा उतरतो ते ग्राव, म्हणजे जोराचं माप, मोजायच्या काचेच्या नळीत बघत बघत जाळ केसाएवढा कमी करावा लागतो, आणि ते लाकडाकडून करवून घेणारा मामा आता सत्तरीच्या घरात आहे. बर्नर मात्र बदलायला लावला, केटरिंगवाल्याचा राक्षस परत पाठवला. किती मोठा घ्यायचा ते आधी टाकीवर ठरवलं: बांधाचा पाइप मिनिटाला किती बादल्या देतो ते मोजलं, तेवढ्या पाण्याला जेवढी वाफ गार करता येईल तेवढाच बर्नर.

मामीची साठ कळशांची फेरी संपली. पणजीच्या शौकिनांना मामा अजून ‘लाकडावरची’ म्हणूनच सांगतो; हुर्राक लाकडावरचा असतो, तेव्हा अर्धं खरं आहे. दुसऱ्याच हंगामात मेच्या पहिल्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. ओहोळाची धार बारीक झाली होती, बांधात पाणी चढत नव्हतं, टाकी दुपारपर्यंत तापत होती. विहिरीवरून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप जोडू का? जोड म्हटलं. मागून मामाचा आवाज आला.

‘शेवटी करंट आणलाच ना रे भट्टीत?’